फीडरचं टोक वारंवार तापतं: अ‍ॅल्युमिनियम काढून तांबं टाकावं का?

लक्षण ओळखीचं आहे. मुख्य पॅनेलमधून निघालेल्या २०० ते ४०० अँपिअरच्या फीडरचं (मोठा लोड पोचवणाऱ्या जाड केबलचं) एक टोक तापतं. लगजवळचं (लग म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा: एका बाजूला तारांसाठी नळी, दुसऱ्या बाजूला बोल्टसाठी सपाट तळवा) इन्शुलेशन तपकिरी पडतं, हीट श्रिंक स्लीव्ह कडक होऊन तडकते, पॅनेलचं दार उघडलं की करपट वास येतो. बोल्ट आवळला जातो. महिना-दोन महिने सगळं शांत राहतं आणि मग तोच फेज पुन्हा तापतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणतंच, "अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणून होतंय, तांब्याची केबल ओढा."

कधी कधी हे म्हणणं बरोबर असतं. बहुतेक वेळा नसतं. तापतो तो जोड. केबल बिचारी त्या जोडाची उष्णता अंगावर घेते. नव्या तांब्याच्या केबललाही तसाच ढिला क्रिंप (लगची नळी तारांवर दाबून केलेला जोड), तोच चुकीचा लग आणि तोच अंदाजाने आवळलेला बोल्ट मिळाला, तर तीही तापेल, फक्त जरा उशिरा. म्हणून आधी जोडाचं निदान करा आणि धातूचा निर्णय त्यानंतर घ्या. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

उष्णता टोकाला आहे की केबलभर?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. फीडरवर किमान ४० टक्के लोड असताना थर्मल कॅमेऱ्याने लगपासून सुरुवात करून केबलच्या दिशेने मीटरभर बघत जा. लग सगळ्यात गरम आणि केबलकडे जावं तसं तापमान उतरत गेलं, तर दोष जोडाचा. केबल सर्वत्र सारखीच गरम आणि लग तिच्याइतकाच किंवा तिच्याहून थंड, तर दोष केबलच्या आकाराचा, मांडणीचा किंवा लोडचा. ब्रेकरचं टर्मिनल सगळ्यात गरम आणि केबल त्याच्यामानाने बरीच थंड असेल, तर संशय ब्रेकरच्या आतल्या कॉन्टॅक्टवर घ्या.

कॅमेऱ्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. चकचकीत तांबं, कथील चढवलेला लग, उघडा अ‍ॅल्युमिनियम बसबार (पॅनेलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) हे सगळे फार कमी उष्णता उत्सर्जित करतात, त्यामुळे ९० अंशांवरचा बसबार कॅमेऱ्यात ४० अंशांचा दिसू शकतो. पुढच्या शटडाऊनला प्रत्येक लगच्या तळव्यावर काळ्या इन्शुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा आणि नंतर त्या टेपवरच वाचा. तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजून लिहून घ्या, कारण तापमानाची तुलना सारख्या करंटलाच करायची असते. सारख्या लोडवरच्या सारख्या जोडांमध्ये १ ते ३ अंशांचा फरक म्हणजे शंका, ४ ते १५ अंशांचा म्हणजे बहुधा दोष, आणि १५ अंशांच्या पुढे म्हणजे ताबडतोब दुरुस्ती. देखभाल-चाचणीच्या क्षेत्रात हीच मोजपट्टी सर्रास वापरतात. अर्ध्या लोडवर ८ अंशांचा फरक दिसला तर निश्चिंत होऊ नका. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून पूर्ण लोडला तोच फरक तिप्पट तरी होणार.

चालू पॅनेलचं झाकण उघडणं हे आर्क फ्लॅशच्या (ठिणगीतून होणाऱ्या विजेच्या स्फोटाच्या) धोक्याचं काम आहे. त्यासाठी लागणारा पोशाख आणि परवानगी असलेल्यानेच ते करावं.

शटडाऊन मिळाला की पक्कं निदान मायक्रोओहम मीटरने होतं. साध्या मल्टिमीटरला हे रोध दिसतच नाहीत. एक टोचणी लगच्या तळव्यावर आणि दुसरी लगच्या तोंडाशी उघड्या केलेल्या कंडक्टरवर ठेवून क्रिंपचा रोध मोजा. मग तळव्यापासून बसबारपर्यंत बोल्टच्या जोडाचा मोजा. दोन्ही वेगळे मोजायचे, कारण दोष यांपैकी एकातच असतो आणि कोणत्या, ते एकत्रित आकड्यातून कळत नाही. चांगल्या क्रिंपचा रोध तेवढ्याच लांबीच्या कंडक्टरपेक्षा जास्त नसावा. २४० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या १० सेंमी तुकड्याचा रोध साधारण १२.५ मायक्रोओहम असतो. ३०० अँपिअरला एवढ्यात जेमतेम १ वॅट उष्णता होते. हाच जोड १०० मायक्रोओहमचा झाला की बोटभर जागेत ९ वॅट साठतात. तिन्ही फेजच्या आकड्यांत सर्वांत कमी आकड्यापेक्षा एखादा ५० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो जोड उघडायचाच.

बोल्ट आवळूनही दुखणं परत का येतं

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साईडचा थर बसतो. तो पातळ असतो, पण कडक असतो आणि वीज वाहू देत नाही. तांब्याचा ऑक्साईडही चांगला वाहक नाही. मात्र तो मऊ असतो आणि बोल्टच्या दाबाखाली सहज फुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साईड दाबाने आणि घासून फोडावा लागतो आणि फोडलेल्या जागी पुन्हा हवा पोहोचू द्यायची नसते. क्रिंपिंगचं आणि जॉइंटिंग कंपाउंडचं (जोडात लावायच्या लेपाचं) सगळं काम एवढंच आहे.

दुसरं कारण प्रसरणाचं. एक अंश तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम दर दशलक्ष भागांत सुमारे २३ भाग वाढतं, तांबं १७ आणि पोलादी बोल्ट १२. लोड चढला की अ‍ॅल्युमिनियमचा तळवा बोल्टपेक्षा जास्त फुगतो, पण बोल्ट त्याला फुगू देत नाही. मग तो मऊ धातू बाजूला सरकतो आणि कायमचा चपटा होतो. रात्री लोड उतरला, तळवा आकसला, की बोल्टचा ताण आधीपेक्षा कमी भरतो. असं रोज घडतं. शिवाय नुसत्या सततच्या दाबाखालीही शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हळूहळू वाहत राहतं.

आता बोल्ट आवळण्याकडे या. ढिला झालेला जोड आवळला म्हणजे आतला ऑक्साईड निघून जात नाही. जळून काळा पडलेला पृष्ठभाग तसाच दाबला जातो. वरून आणखी दाब पडल्याने तळवा आणखी पातळ होतो. पाना हातात घेऊन "अजून अर्धा फेरा" देणाऱ्याच्या जोडावर हे दर खेपेला होतं आणि दर खेपेला पुढचा बिघाड लवकर येतो. स्क्रूने दाबणाऱ्या लगमध्ये तर पुन्हा आवळताना तारा तुटतात. म्हणून तापलेला अ‍ॅल्युमिनियमचा जोड आवळू नका. तो उघडा, कापा, नव्याने करा.

अ‍ॅल्युमिनियमची भीती पुष्कळशी जुन्या घरगुती वायरिंगमधून आली आहे. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास घरांतल्या १५ आणि २० अँपिअरच्या सर्किटना बारीक अ‍ॅल्युमिनियम तारा वापरल्या गेल्या. त्या सॉकेटच्या लहान स्क्रूखाली दाबलेल्या असत आणि तिथे आगी लागल्या. तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाने १९७२ पूर्वीच्या अशा वायरिंगच्या घरांमध्ये जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या तुलनेत ५५ पट असल्याचं म्हटलं. नंतर लोह मिसळलेले ८००० मालिकेचे मिश्रधातू आले. दाबाखाली वाहण्याची खोड त्यांत बरीच कमी आहे. मोठ्या फीडरवरचा दाबून बसवलेला लग आणि सॉकेटचा स्क्रू यांची बरोबरी होत नाही. मात्र तुमची केबल १३५० दर्जाच्या शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची की ८००० मालिकेची, हे कागद काढून बघा. पहिल्या प्रकारात स्क्रूचे लग टाळलेले बरे.

जोड नव्याने करताना

सप्लाय बंद करून कुलूप आणि पाटी लावा. जनरेटर, कपॅसिटर बँक, दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरशी जोडणारी टाय अशा उलट येणाऱ्या वाटाही बंद करा. तिन्ही फेज आणि न्यूट्रल मृत असल्याचं टेस्टरने तपासा (टेस्टर आधी आणि नंतर चालू ठिकाणी लावून बघा) आणि मग ते अर्थला जोडा.

जुना लग कापताना काटकसर नको. इन्शुलेशन कडक झालेला आणि तारा काळ्या किंवा करड्या पडलेला सगळा भाग जाऊ द्या. चकाकणारा धातू आणि लवचिक इन्शुलेशन लागेपर्यंत मागे जायचं. लांबी कमी पडली तर केबल ताणून लगवर भार देऊ नका. त्याऐवजी बसबारचा तुकडा जोडून टर्मिनल पुढे आणा.

इन्शुलेशन लगच्या नळीच्या खोलीपेक्षा ५ ते १० मिमी जास्त सोला, कारण अ‍ॅल्युमिनियमची नळी दाबताना लांबते. सुरीची पाती तारांना आडवी लावू नका. ओरखडा पडलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तिथेच तुटते. सेक्टर (पाचरीसारख्या) आकाराचा कंडक्टर असेल तर आधी गोल करणारी डाय (दाबयंत्राचा साचा) वापरून गोल करून घ्या.

मग ब्रश. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा स्टेनलेस ब्रश ठेवा आणि तो तांब्याला कधीही लावू नका, नाहीतर तांब्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागली की तिथूनच गंज सुरू होतो. कंडक्टरवर आधी कंपाउंड लावून त्यातूनच घासलं तर उघडा पडलेला धातू हवेला भेटत नाही. कोरडं घासणार असाल तर लगेच कंपाउंड लावून लग चढवा. चहाला जाऊन आल्यावर नाही. कंपाउंडमध्ये बहुधा जस्ताची पूड असते आणि तिचे टोकदार कण दाबाखाली ऑक्साईड भेदतात. चांगले अ‍ॅल्युमिनियम लग आतून कंपाउंड भरून आणि टोपण लावून येतात. ते भरलेलं पुसून काढू नका.

लग कंडक्टरच्या आकाराचाच आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी बनवलेलाच हवा. अ‍ॅल्युमिनियम कंडक्टरवर साधा तांब्याचा लग हे वारंवार तापणाऱ्या टोकांचं एक मोठं कारण आहे. आतलं अ‍ॅल्युमिनियम बाहेरच्या तांब्यापेक्षा जास्त फुगतं, दबतं आणि थंड झाल्यावर सैल राहतं. लग लहान पडला म्हणून चार तारा कापणं, किंवा मोठा पडला म्हणून तुकडे कोंबणं, दोन्ही गुन्हे आहेत. कापलेल्या तारांचा करंट उरलेल्या तारांत शिरतो, तोही नेमका सगळ्यात गरम जागी.

डाय आणि लग यांचे क्रमांक जुळले पाहिजेत. नळीवर किती क्रिंप द्यायचे याच्या रेघा असतात आणि अ‍ॅल्युमिनियमला त्या तांब्यापेक्षा जास्त असतात. लगवर वेगळी सूचना नसेल तर तळव्याच्या बाजूने सुरुवात करून केबलकडे या. डाय पूर्ण मिटेपर्यंत दाब द्या. क्रिंपच्या दोन्ही कडांना धातूचे पातळ कान निघाले तर डाय लहान पडली. षटकोन पुसट उठला तर डाय मोठी आहे किंवा पंप थकला आहे. व्हर्नियरने क्रिंपची रुंदी मोजून लगच्या तक्त्याशी ताडून बघा. या मोजणीला मिनिटभर लागतं आणि ती जवळपास कुणीच करत नाही.

बोल्टच्या बाजूला तळवा आणि बसबार दोन्ही स्वच्छ करा, पण कथील चढवलेल्या पृष्ठभागावर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका. तेच कथील दोन धातूंना वेगळं ठेवतं. लगच्या मागे जाड आणि रुंद सपाट वॉशर द्या आणि त्यावर बशीसारखा वाकलेला बेलव्हिल वॉशर. त्याची फुगीर बाजू नटाकडे येते. धातू फुगला-आकसला तरी हा वॉशर दाब टिकवून धरतो. साधा चिरलेला स्प्रिंग वॉशर हे काम करत नाही, त्याची ताकद फार कमी असते. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. ८.८ दर्जाच्या कोरड्या एम१२ बोल्टला बसबारच्या जोडांत साधारण ७० न्यूटन-मीटर धरतात, पण ब्रेकरच्या टर्मिनलवर ब्रेकरच्या पाटीवरचाच आकडा चालतो आणि तो बराच कमी असू शकतो. आटे तेलकट असतील तर त्याच टॉर्कला बोल्टचा ताण खूप जास्त भरतो. शेवटी नट, वॉशर आणि बसबार यांवरून पेंटची सरळ रेघ ओढा. पुढच्या तपासणीत रेघ तुटली नसेल तर पाना लावायची गरज नाही.

तांब्याच्या बसबारला अ‍ॅल्युमिनियम जोडताना

कोरड्या, बंद पॅनेलमध्ये कथील चढवलेला अ‍ॅल्युमिनियम लग तांब्याच्या कथिलयुक्त बसबारवर नीट टिकतो. ओल, खारी हवा किंवा घामेजणारं पॅनेल असेल तर दोन धातूंच्या मध्ये विजेचा सेल तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पांढरी, भुसभुशीत पूड दिसली म्हणजे ते सुरू झालं आहे. अशा ठिकाणी बायमेटॅलिक लग वापरा. त्याची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि तळवा तांब्याचा असतो, दोन्ही कारखान्यातच घर्षणाने वेल्ड केलेले. बायमेटॅलिक वॉशर हा दुसरा मार्ग. त्याची तांब्याची बाजू तांब्याकडे जायला हवी आणि घाईत नेमकी ती उलटी लागते. उघड्यावरच्या जोडात अ‍ॅल्युमिनियम वर आणि तांबं खाली ठेवा. तांब्यावरून ओघळलेल्या पाण्यात तांब्याचे क्षार असतात आणि ते अ‍ॅल्युमिनियम खातात.

उष्णता केबलभर असेल तर

इथे लग कितीही सुबक केले तरी फरक पडणार नाही. आधी मांडणी मोजा. एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन इन्शुलेशनच्या) केबलची क्षमता आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या) तक्त्यांत ३० अंश हवेसाठी दिलेली असते. ४० अंशांना ती ०.९१ ने आणि ५० अंशांना ०.८२ ने गुणायची. छिद्रांच्या ट्रेवर सहा केबल्स चिकटून एका थरात असतील तर आणखी ०.७३ ने. ४० अंश आणि सहा केबल्स मिळून ३०० अँपिअरची केबल २०० ची उरते. नंतर कुणीतरी त्याच ट्रेवर दोन केबल्स वाढवलेल्या असतात आणि जुना फीडर तेव्हापासून तापायला लागलेला असतो.

साडेतीन कोरच्या केबलमध्ये न्यूट्रल निम्म्या आकाराचा असतो. संगणक, एलईडी, सिंगल फेज ड्राइव्ह यांचा तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरजेने जमतो. न्यूट्रलचा करंट खरा आरएमएस दाखवणाऱ्या टाँग टेस्टरनेच मोजा. निम्म्या न्यूट्रलच्या क्षमतेपेक्षा तो जास्त असेल तर पूर्ण न्यूट्रलची चार कोर केबल लागेल. धातू कोणताही असो.

समांतर केबल्स असतील तर प्रत्येकीचा करंट वेगळा मोजा. लांबी, वळणं किंवा जोड वेगळे असतील तर एक केबल जास्त भार ओढते. तांब्याची एक आणि अ‍ॅल्युमिनियमची एक अशी जोडी समांतर लावणं टाळाच. सिंगल कोर केबल्स लोखंडी ग्लँड प्लेटमधून (केबल पॅनेलमध्ये शिरते त्या पत्र्यातून) वेगवेगळ्या भोकांतून गेल्या असतील तर प्लेटच भट्टी होते आणि कॅमेऱ्यात ते केबलचं तापणं वाटतं. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची किंवा चुंबकीय नसलेल्या स्टेनलेसची करा, किंवा तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून न्या.

आता धातूचा प्रश्न

जोड नीट केल्यावरही केबल बदलायचीच असेल, किंवा नवा फीडर टाकायचा असेल, तर तुलना समान रोधाची करा, समान आकाराची नाही. आयईसी ६०२२८ मधले २० अंशांचे कमाल रोध, ओहम प्रति किमीमध्ये, असे जुळतात:

तांबं १५० चौ. मिमी ०.१२४, अ‍ॅल्युमिनियम २४० चौ. मिमी ०.१२५
तांबं १८५ चौ. मिमी ०.०९९१, अ‍ॅल्युमिनियम ३०० चौ. मिमी ०.१००
तांबं २४० चौ. मिमी ०.०७५४, अ‍ॅल्युमिनियम ४०० चौ. मिमी ०.०७७८
तांबं ३०० चौ. मिमी ०.०६०१, अ‍ॅल्युमिनियम ५०० चौ. मिमी ०.०६०५

म्हणजे या आकारांत दोन पायऱ्या वर. एकच पायरी चढून "चालून जाईल" म्हणणाऱ्यांचे फीडर केबलभर तापतात. दोन पायऱ्या वर गेल्यावर अ‍ॅल्युमिनियम कुठे कमी पडत नाही. ४०० व्होल्टच्या १५० मीटर फीडरवर, ३०० अँपिअर आणि ०.८५ पॉवर फॅक्टरला, २४० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १३.७ व्होल्ट म्हणजे ३.४ टक्के व्होल्टेज पडतं, १५० चौ. मिमी तांब्यातही जवळपास तेवढंच. शॉर्ट सर्किटला एक्सएलपीई अ‍ॅल्युमिनियमचा गुणक (एका सेकंदासाठी दर चौ. मिमीला अँपिअर) ९४ आणि तांब्याचा १४३ आहे. एका सेकंदासाठी २४० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियम २२.६ किलोअँपिअर सोसतं आणि १५० चौ. मिमी तांबं २१.५. वजनात तर अ‍ॅल्युमिनियम उघडपणे पुढे आहे: २४० चौ. मिमी तांब्याचा नुसता कंडक्टर मीटरला २.१ किलो भरतो, ४०० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियमचा १.१ किलो. उंच रायझरमध्ये आणि लांब ट्रेवर हा फरक आधारांच्या संख्येत आणि ओढणाऱ्या माणसांच्या खांद्यावर जाणवतो.

अडचण टोकांना येते. अ‍ॅल्युमिनियमचा कंडक्टर व्यासाने सुमारे २८ टक्के मोठा. त्याचा लग रुंद, ग्लँड मोठा, वळणाची त्रिज्या मोठी. मोटारच्या टर्मिनल बॉक्समध्ये ३०० चौ. मिमीचा लग बसत नाही, मग कुणीतरी तळव्याच्या कडा कापतो किंवा लग तिरका बसवतो आणि दुखणं तिथून सुरू होतं. केबल मागवण्याआधी टर्मिनलची रुंदी, भोकाचा व्यास आणि ग्लँड प्लेटपासून टर्मिनलपर्यंतचं अंतर मोजा.

दुर्लक्षित राहणारा मुद्दा ब्रेकरचा. आयईसी ६०९४७ च्या तापमान चाचणीत ब्रेकरला ठराविक आकाराचे तांब्याचे कंडक्टर जोडलेले असतात: २५० अँपिअरला १२० चौ. मिमी आणि ४०० अँपिअरला २४० चौ. मिमी. ब्रेकरच्या आतली उष्णता याच कंडक्टरमधून बाहेर जाते. ४०० अँपिअरच्या ब्रेकरला ३०० चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियम लावलं की केबल स्वतः ब्रेकरला तापवू लागते आणि थर्मल ट्रिप (उष्णतेने ब्रेकर बंद करणारी यंत्रणा) ठरलेल्या करंटच्या आधीच पडते. शिवाय केबल ९० अंशांची असली तरी टर्मिनल तेवढं सोसेलच असं नाही. ब्रेकरवर फक्त तांब्याची खूण असेल तर अ‍ॅल्युमिनियम थेट लावायचं नाही. उत्तर अमेरिकन पद्धतीच्या लगवर एएल९सीयू ही खूण म्हणजे दोन्ही धातूंसाठी आणि ९० अंशांसाठी मान्य. एएल७सीयू म्हणजे ७५ अंशांसाठी.

आमचा कल सांगायचा तर निर्णय लांबीवर आणि टोकांच्या संख्येवर घ्या. लांब, स्थिर लोडचा, दोनच टोकांचा फीडर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून मुख्य पॅनेलपर्यंत किंवा इमारतीपासून इमारतीपर्यंत, अ‍ॅल्युमिनियमवर निर्धास्त टाका. वाचलेल्या पैशातला थोडा भाग चांगले लग, टॉर्क रेंच आणि मायक्रोओहम मोजणीवर खर्च करा. दहा-पंधरा मीटरचा जोड, मध्येच चेंजओव्हर स्विच, अरुंद बॉक्स, जनरेटरचं कंपन, क्रेन किंवा वेल्डिंगचा चढता-उतरता लोड असेल तर तांबं. तिथे केबलवर वाचणारी रक्कम लहान असते आणि प्रत्येक टोक रोज फुगत-आकसत असतं. रासायनिक हवेत दोन्ही धातूंचे शत्रू वेगळे आहेत. कॉस्टिकच्या वाफा आणि ओलं काँक्रीट अ‍ॅल्युमिनियम खातं, तर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाईड तांब्याला लागतात. त्यामुळे "गंज म्हणजे तांबं" हे सरसकट उत्तर चुकीचं ठरू शकतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या लांब फीडरला शेवटी तांब्याचा छोटा तुकडा जोडून बॉक्समध्ये नेणं हा मार्ग बरेच जण सुचवतात. त्याने दोन जोड वाढतात. टर्मिनल खरोखरच अ‍ॅल्युमिनियम घेत नसेल तरच तो करा, बायमेटॅलिक कनेक्टरने करा, आणि तो जोड ट्रेमध्ये किंवा भिंतीत न पुरता उघडता येणाऱ्या पेटीत ठेवा.

पुन्हा चालू केल्यावर

चालू करण्याआधी मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्शुलेशन तपासा आणि प्रत्येक जोडाचा मायक्रोओहम आकडा फेजनिहाय लिहून पॅनेलच्या दारात आतून चिकटवा. पहिली थर्मल तपासणी पूर्ण लोडवर काही तास चालल्यावर, दुसरी महिनाभराने, नंतर वर्षातून एकदा, दर वेळी करंटसह नोंद करून. पेंटची रेघ सरकलेली नसताना आणि तापमान वाढलेलं नसताना बोल्टला हात लावू नका.

सगळे जोड नवे, आकडे तिन्ही फेजला सारखे, आणि तरीही एकाच फेजचं टर्मिनल तापत असेल, तर ब्रेकर बंद करून सोडवून घ्या. मग त्याला चालू स्थितीत ठेवून प्रत्येक पोलचा रोध वरच्या टर्मिनलपासून खालच्यापर्यंत मोजा. एखाद्या पोलचा आकडा बाकी दोघांच्या दीडपट निघाला, तर आतले कॉन्टॅक्ट झिजलेले किंवा जळलेले आहेत आणि बदलायचा तो ब्रेकर.